उघड्यावरची माती : शिल्प टिकते कशावर?

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन मृण्मय मूर्ती सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. भाजलेली माती किती काळ टिकू शकते, याचा याहून बोलका पुरावा महाराष्ट्रात शोधण्याची गरज नाही. मात्र या मूर्तींचे बहुतेक आयुष्य जमिनीच्या पोटात, ऊन-पावसापासून दूर गेले. तीच मूर्ती एखाद्या चौथऱ्यावर उघड्यावर उभी राहिली असती, तर दोन हजार पावसाळ्यांनंतर तिचे काय उरले असते, हा प्रश्न वेगळा आहे.

गेल्या अर्धशतकात जगभरातील अनेक शिल्पकारांनी हाच प्रश्न अंगावर घेतला. ब्राँझ, दगड आणि काँक्रीट ही उघड्यावरील शिल्पांची रूढ माध्यमे बाजूला ठेवून त्यांनी माती दालनाबाहेर आणली. कोणी शिल्पाभोवतीच भट्टी रचली, कोणी घरालाच भट्टी केले, तर कोणी फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांतून अख्खी नगरी उभारली. या प्रयोगांकडे एकत्रितपणे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. मातीचे शिल्प आधी अग्नीमुळे टिकते आणि नंतर माणसांमुळे. यांपैकी एक बाजू लंगडी पडली, की शिल्प ढासळू लागते.

पाणी जाते, माती पक्की होते

मातीला आकार देता येतो तो पाण्यामुळे. चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म आणि चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असला, की ते एकमेकांवरून घसरतात आणि माती हवी तशी वळते. ती सुकू लागली, की हे पाणी निघून जाते, कण जवळ येतात आणि वस्तू आक्रसते. पुढे भट्टीत ती आणखी आक्रसते. दोन्ही टप्पे मिळून ही घट दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणजेच दहा फुटांचे ओले शिल्प भाजून निघाल्यावर नऊ फुटांचे होते. एक बाजू लवकर सुकली आणि दुसरी ओली राहिली, तर ओढाताण होऊन तडा जातो. मोठ्या मृत्शिल्पांचा खरा शत्रू ही असमान सुकवण असते.

वाळलेली माती पुन्हा पाण्यात टाकली तर विरघळते. गणेशोत्सवातील शाडूची मूर्ती विसर्जनानंतर विरघळते याचे कारण हेच, ती केवळ वाळवलेली असते, भाजलेली नसते. भट्टीतील तापमान साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात पोहोचले, की मातीच्या रेणूंत रासायनिकदृष्ट्या बांधलेले पाणीही निघून जाते. येथून परतीची वाट नसते. त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही.

परंतु भाजणे आणि भाजणे यांतही फरक आहे. विटा, कौले, माठ आणि टेराकोटाच्या मूर्ती सामान्यतः हजार अंशांच्या आत-बाहेर भाजल्या जातात. त्यांत सूक्ष्म छिद्रे राहतात. माठातील पाणी थंड होते ते या छिद्रांतून झिरपून बाष्प होत राहिल्याने. माठाचा हा गुण उघड्यावरील शिल्पासाठी मात्र दोष ठरतो. छिद्रांत पावसाचे पाणी साठते, शेवाळ धरते, जमिनीतील क्षार वर चढून पृष्ठभागावर पांढरे पडतात आणि पापुद्रे सुटू लागतात. थंड प्रदेशांत संकट आणखी मोठे असते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि छिद्रांत अडकलेले पाणी शिल्पाला आतून फोडते.

यावरचा एक उपाय म्हणजे स्टोनवेअर. योग्य माती १२०० ते १३०० अंशांपर्यंत भाजली असता तिच्यातील काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि छिद्रे जवळजवळ बुजतात. असे शिल्प पाणी फारसे शोषत नाही. पण त्यासाठी उच्च तापमानाची भट्टी लागते, भरपूर इंधन लागते आणि भट्टीच्या दारातून आत जाईल एवढाच तुकडा बनवता येतो. मोठे शिल्प हवे असेल, तर ते तुकड्यांत भाजून जागेवर जोडण्यावाचून गत्यंतर नसते.

अय्यनारचे घोडे

भट्टीच्या आकाराची ही मर्यादा तमिळनाडूतील कुंभारांनी आपल्या पद्धतीने फार पूर्वीच ओलांडली होती. तेथील अनेक गावांच्या वेशीबाहेर ग्रामरक्षक अय्यनार या देवतेची ठाणी आहेत. रात्री देव घोड्यावर बसून गावाभोवती गस्त घालतो, अशी श्रद्धा असल्याने त्याला मातीचे घोडे वाहिले जातात. काही घोडे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे आहेत. जगातील सर्वांत मोठ्या टेराकोटा शिल्पांत त्यांची गणना होते.

हे घोडे घडवणारे वेळार समाजाचे कुंभार अनेक ठाण्यांचे पुजारीही असतात. त्यांची पद्धत साधी दिसते, पण तिच्यामागे पक्के शास्त्र आहे. मातीत वाळू आणि भाताचा तूस मिसळला जातो. वाळूमुळे आक्रसणे कमी होते. तूस भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी उरलेल्या वाटांनी वाफ बाहेर पडते. चारही पाय पोकळ नळकांड्यांसारखे उभारले जातात, त्यांवर पोकळ धड चढवले जाते आणि खालचा थर भार पेलण्याइतका कडक झाल्याशिवाय वरचा थर दिला जात नाही. भाजणी पेंढा, गोवऱ्या आणि लाकूड रचून उघड्यावर होते. हलवता न येण्याजोगे मोठे घोडे उभे असतील तेथेच भाजले जात.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तंत्राच्या पलीकडची आहे. जुना घोडा दुरुस्त करण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. ‘पुरवी एडुप्पु’ या उत्सवात गावकरी नवे घोडे मिरवत ठाण्यावर नेतात. जुने तेथेच ऊन-पावसात झिजत, फुटत मातीत मिसळतात. टिकवायचे असते ते वाहण्याचे व्रत, घोडा नव्हे. अलीकडच्या काळात अनेक ठाण्यांवर विटा-सिमेंटचे रंगवलेले घोडे उभे राहिले आहेत. ते अधिक काळ टिकतात, त्यामुळे नवे घोडे घडवण्याची गरज कमी होते आणि कुंभाराचे कामही.

घर हीच भट्टी

त्याच तमिळ मुलखाला लागून असलेल्या पुद्दुचेरीत १९७१ मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकी कलाकारांनी ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. भारतातील स्टुडिओ पॉटरीच्या वाटचालीत या कार्यशाळेचे स्थान मोठे आहे. आज देशभर स्टोनवेअरमध्ये काम करणाऱ्या अनेक कलाकारांचे शिक्षण येथे झाले.

मीकर यांनी वास्तुकलेचेही शिक्षण घेतले होते. १९८५ च्या सुमारास त्यांनी एक धाडसी प्रयोग हाती घेतला. इराणी वंशाचे वास्तुविशारद नादेर खलिली यांनी सत्तरच्या दशकात इराणमध्ये मातीची घरे आतून पेटवून भाजण्याचे प्रयोग केले होते. त्यांपासून प्रेरणा घेऊन मीकर यांनी कच्च्या विटांच्या भिंती आणि कमानदार छते असलेली घरे बांधली. ही घरे लाकडी आधाराशिवाय, मातीच्याच गिलाव्यात रचली जात. त्यानंतर घराचा अंतर्भाग कच्च्या विटा, कौले आणि अन्य वस्तूंनी भरून घराला आग दिली जाई. तीन-चार दिवस आणि रात्री ही आग धगधगत राही. घर निवले, की आतील पक्का माल विक्रीसाठी बाहेर काढायचा आणि मागे उरलेली भाजलेली वास्तू राहण्यासाठी वापरायची, अशी ही कल्पना होती. इंधनाचा खर्च घरावर न पडता आतील मालावर पडावा, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब कागदावर जितका सुबक होता, तितका प्रत्यक्षात सोपा नव्हता. भिंतीचा आतील भाग जितका तापतो, तितका बाहेरचा तापत नाही. त्यामुळे जाड भिंत पूर्णपणे भाजून काढण्यासाठी इंधन फार लागते. आग सांभाळणारी माणसे जाणकार लागतात. पावसाने गाठले, तर कच्ची भिंत धोक्यात येते. शिवाय सिमेंट सर्वत्र सहज मिळू लागल्यावर एवढा व्याप कोण करणार, हा प्रश्न होताच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम थांबले. मात्र त्यातून मिळालेली समज वाया गेली नाही. मोठ्या मातीकामाला आधार कुठे द्यायचा, ते किती संथपणे सुकवायचे, आग कोणत्या वाटेने फिरवायची, हे सारे मीकर यांच्या नंतरच्या भव्य स्टोनवेअर शिल्पांत उतरले. ही शिल्पे भागांमध्ये भाजून जागेवर रचली जातात. सांधे लपवण्याऐवजी ते रचनेचाच एक भाग म्हणून दिसू दिले जातात.

काळोखात तापलेला मनोरा

पुद्दुचेरीपासून हजारो किलोमीटर दूर डेन्मार्कमध्ये नीना होले (१९४१-२०१६) या शिल्पकर्तीने याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. भट्टीत मावेल एवढेच शिल्प करायचे, हे बंधन त्यांना मान्य नव्हते. तेव्हा त्यांनी शिल्पाला भट्टीत नेण्याऐवजी भट्टीच शिल्पाला गुंडाळली.

त्यांची पद्धत अशी होती. नियोजित जागी प्रथम विटांचा पाया आणि त्यात लाकूड जाळण्याची चूल बांधली जाई. त्यावर मातीचे वळवलेले पट्टे एकमेकांत गुंतवत पोकळ भिंतींचा मनोरा रचला जाई. या पोकळ्या म्हणजेच ज्वाळांच्या वाटा, म्हणून शिल्पच स्वतःचे धुराडे बने. मनोरा पुरेसा सुकला, की त्याला उष्णतारोधक सिरॅमिक तंतूंच्या जाड रजईने झाकले जाई आणि खाली लाकूड पेटवले जाई. भाजणी दोन-दोन दिवस चाले. तापमान हजार अंशांच्या घरात पोहोचले, की रात्रीच्या अंधारात रजई उतरवली जाई आणि जमलेल्या लोकांसमोर लालभडक, पारदर्शक भासणारा मनोरा उभा राही.

तापलेली वस्तू अशी एकाएकी हवेत उघडी केली, तर तडकण्याची भीती असते. त्यासाठी मातीची निवड, तिच्यात मिसळलेली भाजक्या मातीची भरड आणि भिंतीची जाडी यांचा ताळमेळ नेमका असावा लागतो. होले यांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील अनेक ठिकाणी अशी अग्निशिल्पे उभारली. प्रत्येक वेळी स्थानिक विद्यार्थी आणि स्वयंसेवक आठवडे-आठवडे माती मळण्यापासून लाकूड फोडण्यापर्यंतच्या कामांत सहभागी होत. शिल्पकर्ती परत गेल्यावर शिल्प तेथेच राही. आपण घडवलेले म्हणून त्याची काळजी घेणारी माणसेही तेथेच राहत.

लंडनच्या खंदकातील फुले

उघड्यावरचे सिरॅमिक शिल्प चिरंतन असलेच पाहिजे, असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ मध्ये ‘टॉवर ऑफ लंडन’च्या कोरड्या खंदकात सिरॅमिकची लाल पॉपी फुले उभी करण्यात आली. सिरॅमिक कलाकार पॉल कमिन्स आणि नेपथ्यकार टॉम पायपर यांची ही रचना होती. फुलांची संख्या होती ८ लाख ८८ हजार २४६. युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ब्रिटन व त्याच्या वसाहतींच्या प्रत्येक सैनिकामागे एक फूल. प्रत्येक फूल हातांनी घडवलेले होते आणि ते रोवण्याचे काम हजारो स्वयंसेवकांनी केले.

शेवटचे फूल ११ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या स्मृतिदिनी रोवले गेले. त्यानंतर शिल्प उचलण्यात आले. ते कायम ठेवावे, अशी मागणी झाली होती. पण फुले आधीच प्रत्येकी २५ पौंडांना विकली गेली होती आणि त्यांतून मिळणारा निधी सैनिकांच्या कल्याणकारी संस्थांसाठी होता. शिल्प खंदकातून गेले आणि लक्षावधी घरांत पोहोचले. त्यातील दोन भाग मात्र जतन करून २०१८ पर्यंत ब्रिटनच्या विविध शहरांत दाखवण्यात आले. ज्या वस्तूचा एक तुकडाही स्वतंत्रपणे जपता येतो, त्या वस्तूचे सामर्थ्य येथे दिसले.

फुटक्या बश्यांची नगरी

भारतीय शहरांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण आहे ते चंडीगडच्या ‘रॉक गार्डन’चे. नेकचंद सैनी (१९२४-२०१५) हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार नवे शहर वसवताना जुनी गावे पाडली जात होती. त्या राडारोड्यातून फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरश्या आणि शौचालयांच्या भांड्यांचे तुकडे त्यांनी सायकलवरून गोळा केले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची अनेक वर्षे, बांधकामास मनाई असलेल्या जंगलातील एका घळीत ते गुपचूप शिल्पे घडवीत राहिले.

सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना याचा पत्ता लागला, तेव्हा कायद्याने ते सारे बेकायदा होते. परंतु प्रशासनाने ते पाडले नाही. १९७६ मध्ये उद्यान जनतेसाठी खुले झाले. नेकचंद यांना तेथेच नेमणूक आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. उद्यान वाढत वाढत सुमारे चाळीस एकरांवर पसरले.

येथील अनेक आकृत्यांचा गाभा सिमेंटचा आणि कातडी सिरॅमिकची आहे. झिलई दिलेला चिनी मातीचा तुकडा आधीच उच्च तापमानात भाजलेला असतो. त्याचा रंग उन्हाने उडत नाही, पावसाने धुऊन जात नाही. अशा शिल्पात प्रथम हार मानतो तो तुकड्यांना धरून ठेवणारा सिमेंट-गिलावा. त्यात भेगा पडतात, पाणी शिरते आणि तुकडे सुटतात. म्हणजे या शिल्पांना अधूनमधून सांधणारे हात हवेत. ते हात हटले तर काय होते, याचा अनुभव १९९६ मध्ये आला. नेकचंद व्याख्यानांसाठी परदेशी गेले असताना प्रशासनाने निधी आखडता घेतला आणि समाजकंटकांनी शिल्पांची मोडतोड केली. त्यानंतर ‘रॉक गार्डन सोसायटी’ने देखभालीची सूत्रे घेतली आणि नागरिक स्वयंसेवक पुढे आले.

मार्च २०२५ मध्ये लगतच्या पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाकडील रस्तारुंदी आणि वाहनतळासाठी उद्यानाच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. शहरातील नागरिक, कलाकार आणि वास्तुविशारदांनी त्याविरोधात आवाज उठवला, तरी भिंत गेलीच. पाऊस, क्षार आणि शेवाळ यांनी जे अनेक दशकांत केले नाही, ते यंत्राने अल्पावधीत केले.

चौकात माती आणायची तर

मोलेला, बांकुरा आणि पुद्दुचेरीपासून मुंबईतील कुंभारवाड्यापर्यंत मातीकामाची जिवंत केंद्रे असलेल्या या देशात, शहरांतील चौक आणि उद्याने फायबर, सिमेंट आणि पोलादाच्या शिल्पांनी भरलेली दिसतात. समकालीन सिरॅमिक कलेला मोठे व्यासपीठही उशिरा मिळाले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या जयपूरच्या ‘जवाहर कला केंद्रा’त २०१८ मध्ये पहिले ‘इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले’ भरले, तेव्हा माती दालनातून अंगणात येऊ शकते, हे अनेक प्रेक्षकांनी प्रथमच पाहिले.

महाराष्ट्रातील हवामानाचा विचार करता मातीची शिल्पे येथे अशक्य नाहीत. बर्फाचे संकट बहुतांश नाहीच. कोकणातील धुवाधार पावसात मंगळुरी कौले पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, कारण ती चांगली भाजलेली असतात, उतारावर बसवलेली असतात आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कोणी तरी छपरावर चढून फुटके कौल बदलते. सार्वजनिक शिल्पाला लागू पडणारे सर्व नियम या एका उदाहरणात आले आहेत.

यापुढे एखादी महापालिका, शाळा किंवा गृहनिर्माण संस्था आवारात मृत्शिल्प बसवू पाहत असेल, तर उद्घाटनाच्या तारखेपूर्वी काही गोष्टी विचारून घेणे श्रेयस्कर ठरेल. शिल्प कोणत्या तापमानाला भाजले आहे? त्याच्या खोबणीत पाणी साचेल की वाहून जाईल? जमिनीतील ओल वर चढू नये, यासाठी चौथऱ्यात काय तजवीज आहे? सुटलेला तुकडा पुन्हा बसवण्यासाठी त्याच मातीचे, त्याच झिलईचे जादा तुकडे राखून ठेवले आहेत काय? आणि दर पावसाळ्यापूर्वी ते तपासण्याची जबाबदारी नेमकी कोणाच्या नावावर आहे?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे शिल्पकार देऊ शकतो. पाचव्याचे उत्तर मात्र शिल्प मागवणाऱ्यांनीच द्यायचे असते. अय्यनारच्या ठाण्यावर ते गावाने दिले आणि चंडीगडमध्ये १९९६ नंतर ते नागरिकांनी दिले. ज्या आवारात ते लेखी स्वरूपात मिळणार नाही, तेथे मातीचे शिल्प बसवण्याची घाई न केलेली बरी.